आंबेरे अदबीनं वागला

आंबेरे तेंबेली दारातून वाकून आत आला आणि कुणालाही शिवी न देता चटईच्या कडेला बसला, तेव्हा अंगणातल्या कोंबड्यासुद्धा टिपायच्या थांबल्या. जेनेबानं हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. तिची नणंद तेनिन तर पुढं जन्मभर शपथेवर सांगायची, की त्या वेळी नदीसुद्धा पळभर वाहायची थांबली होती. पण तेनिनच्या गोष्टींत नदी दर आठवड्याला एकदा तरी थांबतेच.

आंबेरेनं धुतलेला निळा पायघोळ अंगरखा घातला होता. चपला बाहेर काढल्या होत्या. हातात मानाच्या भेटीला न्यायच्या, पानात गुंडाळलेल्या कोलाच्या बिया होत्या. हाच आंबेरे एरवी गल्लीच्या तोंडाशीच आरोळी ठोकायचा, "मासे कुजल्याचा वास आला, म्हणजे काराबेंतांचंच घर!" आणि आतून जेनेबाचा नवरा, लासिने, ओरडायचा, "कांद्याच्या पोत्याला पाय फुटले बघा! कोंबड्या झाका!" दोघांना मिसरूड फुटायच्या आधीपासूनचा हा परिपाठ. मोप्तीच्या बंदरात लोक त्यावर आपली कामं उरकायचे. शिव्या ऐकू आल्या की समजायचं, दुपार झाली.

आज लासिने भिंतीकडं तोंड करून पडला होता. उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता. देबो तळ्यात पाणघोड्यानं त्याची होडी पालथी घातली आणि त्याच्या पोटरीला तोंड घातलं. पुढं शहरातल्या दवाखान्यात डॉक्टरांनी उरलेलं काम संपवलं. पाणघोडा केवढा होता, यावर बंदरात अजून एकमत नाही. तेनिन म्हणायची, मशिदीएवढा, आणि त्याला मिश्या होत्या. लासिने मात्र त्यावर एक अक्षर बोलला नव्हता. जो माणूस साध्या मागूर माशाची गोष्ट सांगायला बसला तर तीन वेळा चहा उकळावा लागे, त्याला आयुष्यातला सगळ्यांत मोठा किस्सा मिळाला आणि तो गप्प. जेनेबाला पायापेक्षा त्या गप्पपणाचीच जास्त धास्ती होती.

"लासिनेभाऊ," आंबेरे म्हणाला, "आपली तब्येत कशी आहे?"

भिंतीकडचं डोकं हळूच वळलं.

"काय म्हणालास?"

"म्हटलं, आपली तब्येत. आपल्याला त्रास तर होत नाही ना जास्त?" आंबेरेनं दोन्ही हातांनी कोला पुढं केला. "परमेश्वर आपल्याला आराम देवो. आपल्या लेकरांना आयुष्य देवो. काही लागलं तर या धाकट्या भावाला हक्कानं सांगावं."

लासिने त्याच्याकडं बघत राहिला. पुराच्या पाण्यात ओळखीचं झाड दिसेनासं झाल्यावर माणूस बघतो, तसं. मग त्यानं मान हलवली आणि म्हणाला, "आभारी आहे."

आंबेरे उठला, सगळ्यांना वाकून सलाम केला, उंबऱ्याला अडखळला आणि गेला.

"वा!" बुरेमा म्हणाला. हा लासिनेचा थोरला. राजधानीहून, बामाकोहून आला होता, इस्त्रीच्या शर्टात, आणि आल्यापासून एकच धोशा लावून बसला होता, की आईबाबांनी आता आपल्याकडं राहायला यावं. "आंबेरेकाकांना वेळप्रसंग कळतो म्हणायचा. मला वाटलं होतं, आज काहीतरी वेडंवाकडं बोलतील."

"जेनेबा," लासिने छताकडं बघत म्हणाला, "माझ्यासाठी ठेवलेला पांढरा कपडा कुठल्या पेटीत आहे?"

जेनेबा मडकं खाली ठेवून पुढं आली. "अहो, काय बोलताय हे!"

"माझ्या बापाच्या मयतीत हाच आंबेरे खणलेल्या कबरीत जाऊन आडवा पडला होता. ही जागा माझी, म्हणाला, म्हाताऱ्याला नदीत टाका, माशांचं जन्मभर खाल्लंय, आता त्यांना परतफेड होऊ द्या. आठवतं?"

"आठवतं." सगळी मयत हसली होती. लासिनेसुद्धा, डोळ्यांतलं पाणी पुसत.

"म्हणजे मेलेल्यालासुद्धा तो सोडत नाही. आणि आज मला 'आपण' म्हणाला." लासिने पुन्हा भिंतीकडं वळला. "मी मेलेल्यांतही राहिलो नाही. बुरेमा, तू जिंकलास. काठावरच्या नावेच्या फळ्या विक. कोंताओला सांग, संध्याकाळी गाडी घेऊन ये आणि ने. मी येतो बामाकोला. तिथं भिंती असतील ना?"

आता ही गोष्ट ज्याला ठाऊक नाही असा माणूस मोप्तीत सापडायचा नाही, तरी सांगतो. काराबेंता म्हणजे बोझो, पाण्याची माणसं. तेंबेली म्हणजे डोगोन, कड्याकपारीत कांदा पिकवणारी. फार जुन्या एका दुष्काळात एका डोगोनाचं पोर बोझोकडं ठेवलेलं होतं आणि ते भुकेनं मरायला टेकलं. जाळ्यात मासा येईना. तेव्हा त्या बोझोनं सुरी घेतली, स्वतःच्या मांडीचा तुकडा कापला, भाजला आणि पोराला खाऊ घातला. तेव्हापासून बोझोनं डोगोनाला आणि डोगोनानं बोझोला काहीही बोलावं, कुठंही बोलावं, आणि समोरच्यानं रागवायचं नाही, असं ठरून गेलं. रागावणारा हरला. तेव्हापासून दर पिढीत बोझो तो तुकडा थोडा मोठा करून सांगतात आणि डोगोन थोडा छोटा करून. लासिनेच्या सांगण्यात तो आता पाटाएवढा झाला होता. आंबेरेच्या सांगण्यात कांद्याच्या पातीएवढा.

बुरेमा अंगणात आला, तेव्हा त्याचा इस्त्रीचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. आल्यापासून तो ज्याच्यासाठी झगडत होता ते एका वाक्यात पदरात पडलं होतं. त्यानं फोन काढला, कोंताओचा नंबर लावला, बोलला, आणि फोन हातात तसाच धरून उभा राहिला.

"आई, बाबा असे कसे हो म्हणाले?"

"तूच म्हणत होतास ना?"

"मी म्हणत होतो. पण ते भांडतील असं धरून म्हणत होतो!" त्यानं नदीकडं पाहिलं. काठावर लासिनेची अर्धी बांधलेली नाव पडली होती, आजवर त्यानं बांधलेल्या नावांत सगळ्यांत लांब. आमच्याकडं नाव पाण्यात ढकलत नाहीत. फळ्या ठोकून, फटींत कापूस भरून तिला काठावर तयार ठेवायची. नदी चढते आणि आपणहून येऊन तिला उचलते. यंदाचं पाणी तिच्यापासून दोन होड्यांच्या अंतरावर येऊन ठेपलं होतं. "ती नाव मोडली ना, तर बामाकोला मी बाबांना नाही नेणार. त्यांची चटई तेवढी नेईन."

स्वयंपाकाच्या छपराखाली तेनिन वाट बघत होती. बुरेमाच्या लग्नात मोठ्या माशाचं मानाचं डोकं कुणाच्या ताटात गेलं यावरून या नणंद-भावजयींत बोलणं बंद होतं. बोलायचंच झालं तर दोघी कोंबड्यांशी बोलायच्या. आज तेनिन थेट जेनेबाशीच बोलली.

"आंबेरेला कुणीतरी शिकवून पाठवलं. डोगोन आपल्या बुद्धीनं इतका शहाणा होत नाही. कोण होतं?"

जेनेबा चुलीतल्या राखेकडं बघत राहिली. "मी."

"तू?"

"गुरुवारच्या बाजारात गेले होते, वन्सं. त्याचे हात धरले. म्हटलं, भाऊजी, पायावरून एक शब्द बोलू नका. ते फुटतील. मी रोज ती पट्टी सोडते आणि बांधते, तुम्ही बघितलेलं नाही. ते रात्री गेलेल्या पायाला खाजवायला हात नेतात." तिनं काटकीनं राख सारली. "मला वाटलं, एवढं तरी आपण त्यांना वाचवू."

तेनिननं कमरेचं वस्त्र घट्ट खोचलं.

"अगं, मगर अंगावर आली तर माणूस वल्हं मारतो. तू माझ्या भावाला थंडी वाजल्यासारखं शालीत गुंडाळलंस. ऊठ. कोंताओची गाडी यायच्या आत परत यायचंय. आणि ते डोकं तुझ्याच ताटात जायला हवं होतं, तू मुलाची आई. पण हे मी पुन्हा कधी बोलणार नाही, ऐकून घे."

"ऐकलं," जेनेबा म्हणाली.

कांदेबाजारात आंबेरे वाळवलेल्या कांद्याच्या गोळ्यांच्या ढिगामागं बसला होता, पण विकत नव्हता. गिऱ्हाईक भाव विचारत होतं आणि तो "न्या, काय द्यायचं ते द्या" म्हणत होता, त्यामुळं बाजारात तो आजारी असल्याची बातमी पसरली होती.

"वहिनी, झालं ना तुमच्या मनासारखं?" तो म्हणाला. "जीभ चावून चावून माझ्या तोंडाला रक्ताची चव आली."

"भाऊजी, चुकलं माझं. त्यांनी फळ्या विकायला काढल्यात. पांढरा कपडा मागितला." जेनेबानं सगळं सांगितलं. "आता या आणि काय वाटेल ते बोला. पायावरूनच बोला."

आंबेरे खाली बघत राहिला. "नाही जमायचं."

"का?"

"तेव्हा बघितलं नव्हतं. आज बघितलं. पाय नाही, नुसती लुंगी सपाट पडलेली." त्यानं अंगरख्यानं नाक पुसलं. "लहानपणी त्याच पायानं त्यानं मला नदीत ढकललं होतं. मला पोहता येत नाही, हे कळल्यावर त्याच पायानं पाणी मारत बाहेर काढलं होतं. कशी थट्टा करू? काही सुचतच नाही वहिनी. आतून वाळून गेलोय."

जेनेबानं हताश होऊन तेनिनकडं पाहिलं. तेनिननं कमरेवर हात ठेवले. आणि मग भर बाजारात, ज्या आवाजानं ती पलीकडच्या तीरावरची होडी बोलावते, त्या आवाजात सुरू झाली.

"बघा हो बघा! डोगोन रडतोय! कांदा सोलून सोलून यांच्या डोळ्यांना सवय लागली, आता सासू मेली काय आणि शेळी व्याली काय, नळ चालूच! आमच्या पूर्वजानं मांडी कापून दिली, ती चुकून अकलेकडं जायच्या ऐवजी यांच्या ढेरीत जाऊन बसली!"

शेजारचा कांदेवाला हसला. आंबेरेनं मान वर केली.

"तेनिन, आज नको."

"आज नको म्हणतोय! कड्यावरून खाली उतरताना बकरीची शेपटी धरून उतरणारे तुम्ही. बकरीनं मागं वळून बघितलं आणि म्हणाली, यापेक्षा तरस बरं!"

"तरस बरं कशाला," आंबेरे पुटपुटला, "तरसाच्या अंगाला निदान मासळीचा वास येत नाही."

"काय? ऐकू आलं नाही. कांद्यानं घसा बसला का?"

"म्हटलं," आंबेरे उठून उभा राहिला, "तुमच्या घरातली मुलगी सासरी जाते तेव्हा मांजरांची वरात मागं लागते, म्हणून तुला परत पाठवली!" आणि एकदम थांबला. डोळे बारीक झाले. कोपऱ्यावरून काहीतरी येताना दिसावं, तसे. "मांडी," तो म्हणाला. "तेनिन, तू मांडी म्हणालीस ना? चला. लवकर चला. विसरीन मी."

काठावर कोंताओची गाढवाची गाडी पोचली होती. तो भला माणूस, स्वतःही नावा बांधणारा. पहिल्या फळीला हात लावण्याआधी त्यानं ती उगाचच दोनदा पुसली. बुरेमा त्याच्याशी काहीतरी बोलून वेळ काढत होता, हे जेनेबानं लांबूनच ओळखलं, कारण तो गाढवाचं वय विचारत होता.

आंबेरेनं दार लाथेनं उघडलं. चपला घालूनच आत आला. कोलाची पुडी, जी कुणी उघडलीही नव्हती, ती उचलून खिशात टाकली.

"लासिने काराबेंता! ऊठ! तुझ्यावर फिर्याद आहे!"

भिंतीकडचं डोकं हललं नाही.

"दुष्काळ होता. पोर मरत होतं. पाहुणं पोर, आमच्या रक्ताचं. तेव्हा तुझ्या कंजूष पूर्वजानं मांडीचा केवढा तुकडा कापला? केवढा? दात कोरायला पुरला नाही! आमच्या पोरानं विचारलं, बाबा, हे जेवण आहे की नमुना? आणि त्यावर इतक्या पिढ्या तुम्ही आमच्या डोक्यावर मिरे वाटताय!" आंबेरेचा आवाज चिरकला, पण तो थांबला नाही. "आणि एक पाणघोडा येतो. ना ओळख, ना पाळख, ना सोयरीक. त्याला तू अख्खा पाय देतोस? पोटरीसकट? आम्हाला पातीएवढा आणि त्या ढोल्याला सगळा? हा कुठला न्याय!"

बुरेमा काठावरून धावत आला होता. त्याचा चेहरा लाल झाला. "काका! बाबांच्या पायावर तुम्ही..."

जेनेबानं त्याच्या शर्टाची बाही धरली. इस्त्री कायमची मोडेल, इतकी घट्ट धरली.

लासिनेचे खांदे हलत होते. रडतायत, जेनेबाला वाटलं. फुटले. मीच फोडलं.

"कांद्या," भिंतीकडून आवाज आला.

"काय म्हणालास?"

"कांद्या म्हणालो!" लासिने कोपरावर उठला. गालांवरून पाणी ओघळत होतं आणि तो हसत होता. दोन्ही इतकं एकत्र, की कुठलं आधी सुरू झालं ते त्यालाही सांगता आलं नसतं. "पाणघोडा तुझ्यापेक्षा लाख पटीनं बरा! त्यानं खाल्लं आणि निघून गेला. तुम्ही खाल्लंत आणि इतक्या पिढ्या दारातच बसलात, दुसरी मांडी कधी शिजते बघत!"

तेनिन छपराच्या खांबाला धरून खाली बसली. बुरेमानं आधी आईकडं पाहिलं, मग बापाकडं, आणि मग त्याच्या तोंडून असा आवाज निघाला, जो बामाकोच्या कचेरीत कुणी ऐकला असता तर त्याला सुट्टी दिली असती.

"केवढा होता रे?" आंबेरे चटईवर बसत म्हणाला. आता तो हळू बोलत होता.

"कोण?"

"तुझा जावई. पाणघोडा."

लासिनेनं डोळे पुसले. छताकडं पाहिलं.

"मशीद बघितलीस?" तो म्हणाला. "मशीद त्याचं पिल्लू."

आणि तिथून जी गोष्ट सुरू झाली, तिच्यात पाणघोड्याला आधी मिश्या आल्या, मग सोन्याचा दात, मग त्यानं लासिनेची आधी माफी मागितली, कारण तो त्याच्या बापाला ओळखत होता. मधेच लासिने म्हणाला, "भूक लागलीय." सगळ्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण जेनेबा चुलीकडं गेली तेव्हा तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. तिनं भाताबरोबर माशाचं डोकं वाढलं. तेनिनच्या ताटात.

काठावरून लाकडावर लाकूड आपटल्याचा आवाज आला.

"कोण हात लावतोय माझ्या फळ्यांना?" लासिने गरजला.

"तुम्हीच विकल्यात, बाबा," बुरेमा म्हणाला. "पण कोंताओकाकांना मी अजून गाढवाचं वयच विचारतोय."

"ती कडेची फळी उन्हात ठेवलीय का? ती वाकडी होईल! तो कोंताओ चांगला माणूस आहे, पण त्याला फळीचं पोट कुठलं आणि पाठ कुठली ते कळत नाही. मला न्या तिकडं!"

बुरेमानं बामाकोहून आणलेल्या कुबड्या पुढं केल्या. लासिनेनं त्या एक क्षण हातात धरल्या आणि बाजूला ठेवल्या. चेहऱ्यावर पुन्हा ती सावली आली. आंबेरेनं ती बघितली. तो वळला, लासिनेपुढं पाठ करून उकिडवा बसला.

"चढ."

"तुझ्या पाठीवर? कांद्याच्या वासानं मरायचंय का मला?"

"चढ, नाहीतर मी तुला 'आपण' म्हणेन."

लासिने चढला. आंबेरे उठताना कण्हला, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं. "अरे, एक पाय कमी, तरी वजन तेवढंच! तो पाय कधी काही करतच नव्हता वाटतं!"

"वाऱ्याच्या दिशेनं तोंड कर, मला श्वास घेऊ दे!"

गल्लीतून नदीकडं दोघांच्या शिव्या जात राहिल्या. चांभार सुई थांबवून उभा राहिला. मासळीवाल्या बायांनी टोपल्या खाली ठेवल्या. कुणीतरी म्हणालं, "दुपार झाली." संध्याकाळ होत आली होती.

नावेच्या पोटात लासिनेला बसवलं. नावा बांधणारा माणूस नावेत बसूनच काम करतो. हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण ज्या दिवसापासून पाय गेला त्या दिवसापासून कुणाला आठवलं नव्हतं. त्यानं फळीवरून हात फिरवला, वाकस मागितला, लाकडाचा एक पापुद्रा तासून नाकाशी धरला. कोंताओनं गाडीचं गाढव सोडून दिलं आणि फळीचं दुसरं टोक धरलं. बुरेमानं इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि पहिल्याच घावाला स्वतःच्या अंगठ्यावर मोगरी मारली. आंबेरेला कापूस ठासायला बसवलं. त्यानं पहिल्या फटीत इतका कापूस भरला, की लासिने म्हणाला, नाव बांधतोय, उशी नाही.

त्या दिवसानंतर लासिने कधी रडला नाही, असं नाही. रात्री त्याचा हात अजूनही नसलेल्या पायाकडं जायचा. जेनेबा तो आपल्या हातात धरून ठेवायची, आणि कधी कधी दोघं तसेच जागे पडून राहायचे. पण सकाळी गल्लीच्या तोंडाशी मासे कुजल्याची आरोळी उठायची, आणि तो उत्तर जुळवायच्या नादात तोंड धुवायचा.

पण हे पुढचं. त्या संध्याकाळी पाणी नावेच्या आणखी जवळ आलं होतं, आणि जेनेबा काठावर बसून बघत होती. वाकस चालवता चालवता लासिने थांबला. तिच्याकडं वळला. दवाखान्यातून आल्यापासून ज्या आवाजात तो सगळं मागत होता, त्याच मऊ, हरलेल्या आवाजात म्हणाला, "जेनेबा, घोटभर पाणी देतेस?"

जेनेबा अर्धी उठली. सवयीनं हात मडक्याकडं गेला. मग तिनं पाहिलं, मडकं कुठं होतं ते. त्याच्या कोपराशी.

ती पुन्हा खाली बसली.

"पाय गेलाय तुमचा," ती म्हणाली. "हात नाही."

आंबेरेच्या हातातला कापूस खाली पडला. कोंताओ आभाळाकडं बघू लागला. लासिनेनं बायकोकडं पाहिलं. मग हात लांब करून मडकं उचललं, घटाघटा पाणी प्यायला, ओठ पुसले आणि सगळ्या बंदराला ऐकू जाईल असं ओरडला,

"बघितलंत? एका डोगोनाला घरात घेतलं, आणि आता बायकोसुद्धा डोगोन झाली!"